कूलर, कुत्रा आणि कुरडया

उन्हाळा कशाला म्हणावं, याबद्दल माझं आणि पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांचं आजवर एकमत झालेलं नाही. मार्चच्या अखेरीस पारा ३६ वर गेला की आमच्या इमारतीतली माणसं जिन्यात थांबून एकमेकांचं सांत्वन करू लागतात. "काय हो हे ऊन!" असं म्हणत एक जण कपाळ पुसतो, दुसरा "पूर्वी असं नव्हतं" म्हणतो आणि मग दोघंही सहानुभूतीच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघतात. मी नागपूरचा. ३६ अंशांना आमच्याकडे ऊन म्हणत नाहीत, सकाळ म्हणतात.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कुठे जन्माला यावं हे काही माणसाच्या हातात नसतं. पण ज्याचं बालपण मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा आणि खिशात कांदा ठेवून गेलं, त्याला बाकीच्यांचे उन्हाळे जरा किरकोळ वाटतात, त्याला इलाज नाही. खिशातला कांदा ऊन शोषून घेतो अशी आमच्याकडे पूर्वापार श्रद्धा. तो खरोखर काही शोषतो की नाही हे शास्त्रज्ञांनी ठरवावं. खिशात कांदा असला की माणसं आपल्यापासून जरा लांब उभी राहतात आणि त्यामुळे वारा लागतो, एवढा मात्र माझा स्वतःचा अनुभव आहे.

३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली, अशी बातमी आली. त्या संध्याकाळी आमच्या पुण्याच्या घरी शेजारीपाजारी अशा चेहऱ्यानं येऊन गेले, की सौ.ला चहा टाकावा की नुसतं पाणी द्यावं हे कळेना. मी घाबरून बाबांना फोन लावला. बाबा नागपूरला एकटे राहतात. वय ८२.

"छप्पन?" बाबा म्हणाले. "कोण सांगून राहिला?"

"मशीन सांगतंय, बाबा."

"मग मशीनलाच ऊन लागलं असेल. त्याला म्हणावं सावलीत बस आणि पन्हं पी."

आणि झालंही तसंच. त्या यंत्राचा संवेदक बिघडला होता, शहरातल्या इतर केंद्रांवर पारा ४४ च्या आसपासच होता, असा खुलासा नंतर हवामान खात्याकडून आला. बाबांना तो वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "तरीच. आज मला जरा गारच वाटत होतं."

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला आता चोवीस वर्षं झाली. पण खातं बाबांमधून अजून निवृत्त झालेलं नाही. घरातल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा त्यांच्याकडे हिशेब असतो. कुंड्यांना पाणी घालणं याला ते ‘आवर्तन सोडणं’ म्हणतात. आणि त्यांच्या अखत्यारीतला सगळ्यात मोठा प्रकल्प म्हणजे आमचा कूलर.

हा कूलर बाबांनी १९८६ साली एका वेल्डिंगवाल्यासमोर तीन दिवस खुर्ची टाकून बनवून घेतला. धरणाच्या भिंतीसाठी वापरावा तसला जाड पत्रा, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत कूलरचं गवत, म्हणजे खरं तर लाकडाचे तासलेले धागे, पोटात पाण्याची टाकी आणि समोर एक पंखा. तो इतका मोठा आहे, की लहानपणी लपंडाव खेळताना मी हिवाळ्यात त्याच्या आत लपत असे. बैठकीच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर तो बसवलेला आहे आणि दर गुढीपाडव्याला गवत बदलून, हिरवा रंग देऊन त्याची पुनःस्थापना होते. सुरू झाला की आगगाडी पुलावरून गेल्यासारखा आवाज येतो, फक्त गाडी पुढे जात नाही. आमच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात अशी सौ.ची लग्न झाल्यापासून तक्रार आहे. पहिल्या उन्हाळ्यानंतर ती स्वतःही तशीच बोलू लागली. पण तक्रार तिनं मागे घेतलेली नाही.

कूलरचं शास्त्र बाबांकडून ऐकावं. एक लिटर पाणी नळाच्या तपमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जाताना आसपासच्या हवेतून ओढून घेतं. "म्हणजे पाणी जाता जाता तुमचा ताप घेऊन जातं," बाबा सांगतात, "एवढं आजकाल कोण करतं?" माठ त्यानंच गार होतो, ओला पंचा त्यानंच गार लागतो, वाळ्याच्या ताट्यांमागेही तेच. हवा कोरडी मात्र पाहिजे. मुंबईत कूलर लावला तर तो नुसती घामाला सोबत करतो. आमच्याकडेसुद्धा जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलरची जादू संपते आणि खोलीत चिकचिक होते. बाबांना हे मान्य आहे. "त्याची नोकरी हंगामी आहे," ते म्हणतात.

आता कुत्र्याविषयी.

चार-पाच वर्षांपूर्वी एका दुपारी बाबा कूलरला नळी लावून विसरले. टाकी भरून वाहू लागली आणि तेवढ्या पाण्यात एक तांबूस रंगाचं, कान दुमडलेलं, सगळ्या गल्लीनं हाकललेलं कुत्रं येऊन बसलं. नुसतं बसलं नाही, पोट टेकवून चारी पाय पसरून बसलं. बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि नळी बंद करायला म्हणून गेलेला माणूस नळी तशीच ठेवून परत आला. पाणी वाया घालवण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. धरणाचं जादा पाणी जिथून वाहून जातं त्याला सांडवा म्हणतात. सांडव्यावर सापडलेल्या कुत्र्याचं नाव सांडवा ठेवण्यात आलं. लाडानं सांडू. शेजारच्या काकूंना या नावाचा उगम माहीत नसल्यामुळे हे कुत्रं फार सांडलवंड करतं, अशी त्यांची समजूत आहे. आणि ती चुकीचीही नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. आला तर फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकीचं काम जिभेचं. मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा धापा टाकून जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडवायचं आणि अंग गार करायचं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी सांडूकडे वेगळ्याच आदरानं पाहिलं. "म्हणजे हा स्वतःच कूलर आहे की!" ते म्हणाले. त्या दिवसापासून घरात दोन कूलर आहेत, आणि उन्हाळ्यात एक दुसऱ्याच्या झोताखाली झोपलेला असतो. ती बैठकीतली सगळ्यात गार जागा. पूर्वी ती माझी होती.

उन्हाळ्यातल्या पोशाखाच्या बाबतीतही बाबांची स्वतःची मतं आहेत. घरात भोकाभोकांचं बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा सुती पायजमा, डोक्यावर ओला पंचा आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला, चारी बाजूंनी बंद असलेला काळा चष्मा. या वेषात ते फाटक उघडायला आले की नवा कुरिअरवाला दोन पावलं मागे सरकतो. माझे चिरंजीव कॉलेजात आहेत. गुडघ्यांवर फाटलेली जीन्स घालून ते यंदा आजोबांपुढे उभे राहिले. मला वाटलं, आता सुईदोरा निघणार. पण बाबांनी चष्मा वर करून गुडघ्याची नीट पाहणी केली आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण झरोका नुसता पुढून ठेवून उपयोग नाही. मागूनही पाहिजे. हवा आत आली तर बाहेर जायला वाट नको?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यातली खरी फॅशन मुलींची. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, त्यावर काळा चष्मा, हातांत कोपरापर्यंत मोजे. एका दुपारी अशी एक आकृती स्कूटर लावून फाटकातून आत आली. माझी पुतणी सकाळपासून मैत्रिणीकडे गेली होती, तेव्हा मी ओसरीवरूनच सुरुवात केली. "ही काय वेळ झाली घरी यायची? उन्हातान्हात उंडारायला लाज नाही वाटत?" आकृतीनं शांतपणे स्कार्फ सोडायला घेतला. त्याला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी आणखी चार वाक्यं बोललो. आतून एक अनोळखी चेहरा निघाला. त्या बाई दवाखान्यातून बाबांचं रक्त न्यायला आल्या होत्या. "काका," त्या म्हणाल्या, "पेशंट तुम्हीच का? आधी बीपी बघू या."

रक्त तपासायचं कारण असं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, ऐन नवतपात, भर दुपारी कूलरचा पंप अडकला. दुसरा कोणी असता तर पाच वाजेपर्यंत थांबला असता. बाबा पंचा बांधून बाहेर गेले आणि तासभर उन्हात उभे राहून पंप साफ करत बसले. मग त्यांना गरगरलं आणि ते पायरीशी बसले ते तिथेच कलंडले.

त्या वेळी सांडूनं काय केलं, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. तो धावत शेजारी काकूंच्या अंगणात गेला, एवढं निर्विवाद आहे. तिथे खाटेवर मूगवड्या वाळत होत्या. बाबांच्या मते तो मदत मागायला गेला आणि मूगवड्या वाटेत आल्या. काकूंच्या मते तो मूगवड्या खायला गेला आणि बाबा वाटेत आले. सांडूला विचारून उपयोग नाही. परिणाम मात्र असा झाला, की काकू हातात काठी घेऊन, त्याच्या मागे धावत, बाबांना चार शब्द सुनावण्यासाठी आमच्या उघड्या फाटकातून आत आल्या आणि त्यांना पायरीशी बाबा दिसले. काठी टाकून त्यांनी त्यांना सावलीत ओढलं, पाणी मारलं, माणसं जमवली. दवाखान्यात दोन सलाइनं लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

पुण्यात मला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ताक पीत होतो. तेव्हापासून मला ताकाचा तो पेला आठवतो.

त्या दिवसापासून मी बाबांच्या मागे लागलो, की एसी लावा. आणि तेव्हापासून बाबा म्हणत आले, की लावायचा नाही. गंमत म्हणजे दोघांचाही पुरावा एकच. मी म्हणायचो, एसी असता तर तुम्ही उन्हात पंप काढायला गेलाच नसता. बाबा म्हणायचे, एसी असता तर दारंखिडक्या बंद असत्या. काकूंना वाटलं असतं की म्हातारा झोपला आहे, मूगवड्यांचं संध्याकाळी बोलू. आणि संध्याकाळी त्या माझ्याशी बोलायला आल्या असत्या, मी बोलायला नसतो. बापलेकांच्या भांडणात दोघांचंही खरं असलं की ते भांडण मिटत नाही.

यंदा मात्र मी पुण्याहून निघतानाच ठरवून निघालो. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन एसी घेतला आणि तिसऱ्या दिवशी बसवायला माणसं आली. बाबा खुर्ची टाकून समोर बसले, १९८६ सारखेच.

"किती मोठा आहे?"

"दीड टन, आजोबा," तो मुलगा म्हणाला.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. ती त्यांच्या वडिलांनी बांधलेली. "दीड टन या भिंतीवर?"

मग मी समजावून सांगितलं, की हा टन वजनाचा नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फावर घरं गार करत तेव्हापासूनचं ते माप. बाबांना हे अतिशय आवडलं. कोणतंही यंत्र समजलं की बाबांचा त्याच्यावरचा राग निम्मा होतो. उरलेला निम्मा त्यांनी रिमोटवर काढला. तो आपोआप २४ वर लागायचा. २०२० पासून असाच नियम आहे. "चोवीस म्हणजे आपला डिसेंबर," बाबा म्हणाले. "मे महिन्यातच डिसेंबर वापरून टाकला, तर डिसेंबरात काय करायचं?"

आणखी एक शंका त्यांनी काढली, आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीतली उष्णता काढायची, पण टाकायची कुठे? बाहेर. बाहेर म्हणजे काकूंच्या अंगणाकडे. "आपला ताप दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा, हे बरं नव्हे," बाबा म्हणाले. मी काकूंकडे माफी मागायला गेलो. तर काकू खूश. बाहेरच्या यंत्राचा झोत बरोबर त्यांच्या खाटेवर येत होता आणि दोन दिवसांच्या मूगवड्या एका दिवसात कडकडीत होत होत्या. "उन्हाळाभर असू द्या चालू," त्या म्हणाल्या. "पापडही घालीन म्हणते."

त्यावरून कुरडयांचा विषय निघाला. आमच्याकडे कुरडया आई करायची. आई जाऊन चार वर्षं झाली. तिच्या पाठीमागे सोऱ्या माळ्यावर पडून होता आणि आमरसाबरोबर आम्ही विकतच्या कुरडया तळत होतो. त्या फुलतात बऱ्या, पण तोंडात विरघळल्यावर काही उरत नाही. या वेळी बाबा म्हणाले, "मीच गहू भिजत घालतो. त्यात काय आहे? पाण्याचंच काम आहे."

खरंच पाण्याचंच काम आहे. गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. बाबांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं: पहिलं आवर्तन, दुसरं आवर्तन, तिसरं आवर्तन. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, चोथा काढून चीक गाळला आणि रात्रभर निवळायला ठेवला. पहाटे वरचं पाणी ओतून देण्याचं काम बाबांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. गाळ हलू न देता पाणी कसं सोडावं हे त्यांना सरकारनं छत्तीस वर्षं पगार देऊन शिकवलं होतं. मग आधण, मीठ, हिंग आणि चीक घाटायचं काम. ते चिरंजीवांकडे दिलं. रोज व्यायामशाळेत जाणारा मुलगा दहा मिनिटांत घामाघूम झाला. "आजी हे एकटी करायची?" त्यानं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. काकू म्हणाल्या, "ढवळ रे, गुठळी होईल."

गरम चिकाची पहिली वाटी दूधसाखर घालून चिरंजीवांना मिळाली, दुसरी सांडूला. मग गच्चीवर प्लास्टिक अंथरून, त्यावर आईचं एक जुनं सुती पातळ घालून, ऊन चढायच्या आत आम्ही कुरडया घातल्या. बाबांनी घातलेल्या कुरडया नदीच्या नकाशासारख्या दिसत होत्या. गल्लीतल्या आणखी तीन बायका हाताला हात म्हणून आल्या, पोरंसोरं आली, कोणी सोऱ्या फिरवायला, कोणी नुसतं चीक खायला. कावळे हाकायला बाबांनी काळा चष्मा लावून गच्चीवर खुर्ची टाकली. एकही कावळा फिरकला नाही.

आणि या सगळ्या गडबडीत खाली एसी चालू आणि दार सताड उघडं.

मी दार लावायचो, पाच मिनिटांनी ते उघडलेलं असायचं. पुन्हा लावायचो, पुन्हा उघडं. आधी वाटलं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं काम असेल. मग वाटलं, सांडूचं. त्याला बंद दाराचा तिटकारा आहे, तो दाराशी बसून मुळुमुळू रडतो. पण कुरडया वाळून डब्यात भरल्या, माणसं आपापल्या घरी गेली, आणि तरी दार उघडंच. शेवटी एका दुपारी मी पाहिलं. सांडू झोपला होता, आणि बाबा उठून, हळूच, कडीचा आवाज होऊ न देता दार उघडत होते.

माझा आवाज चढला. कूलर बंद असतानाही आमच्या घरात आवाज चढतात. मी विजेच्या बिलाबद्दल बोललो, दीड टनाबद्दल बोललो, सारी गल्ली गार करायचा मक्ता घेतलाय का म्हणालो. दोन वर्षांपूर्वीचा तो फोन आला तेव्हा माझं काय झालं होतं, हेही बोललो. ते मी आजवर बोललो नव्हतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पंच्यानं मान पुसत म्हणाले, "तुझं खरं आहे. पण दार लावलं ना, की घर रिकामं वाटतं बे. उघडं असलं की वाटतं, कोणी तरी आत्ताच बाहेर गेलं आहे. येईल."

मी रिमोट टेबलावर ठेवला. सौ. स्वयंपाकघरातून उगाच भांडी वाजवू लागली.

त्या वेळी मला पहिल्यांदा कूलरची एक गोष्ट नीट कळली, जी मी त्याच्यासमोर वाढूनही लक्षात घेतली नव्हती. कूलर लावला की समोरचं दार नाही तर खिडकी उघडी ठेवावीच लागते. नाही तर ओली हवा खोलीतच साठते आणि कूलर असून नसून सारखा. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. एसीचं उलटं. त्याला फट चालत नाही. म्हणजे एक यंत्र उघड्या घराचं आणि एक बंद घराचं. मी पुण्याच्या बंद घरात राहतो. माझ्या दाराला एक बारीक भिंग आहे, त्यातून मी आधी बघतो आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवतो. आमच्या मजल्यावर कोणी मूगवड्या वाळत घालत नाही आणि घातल्या तरी त्या खाऊन मला वाचवणारा कुत्रा माझ्याकडे नाही.

संध्याकाळी आम्ही तह केला. एसी बैठकीतून काढून बाबांच्या झोपायच्या खोलीत हलवायचा. दिवसा कूलर, फाटक उघडं, दार उघडं. रात्री नवतपात भिंती तापून घर भट्टी होतं तेव्हा एसी, दार बंद, २८ वर. आणि सांडू खोलीच्या आत. कूलरचा पंप अडकला तर दुरुस्तीला मिस्त्री येईल, तोही पाच वाजल्यानंतर. बाबा खुर्चीवर बसून फक्त सूचना देतील. शेवटच्या कलमाला बाबांनी फार खळखळ केली, पण ‘मिस्त्रीला कितीही सूचना देता येतील’ अशी दुरुस्ती केल्यावर ते मंजूर झालं. एसी हलवल्यामुळे काकूंच्या खाटेवरचा झोत गेला. काकू अजून नाराज आहेत. त्यांनी पापडांचं पीठ आणून ठेवलं होतं.

पुण्याला निघताना बाबांनी कुरडयांचा डबा दिला. आल्यावर तळल्या. नदीच्या नकाशासारख्या होत्या त्या तेलात पडल्यावर अशा फुलल्या, की कढईत मावेनात. मीठ जरा जास्त झालं होतं. सौ. म्हणाली, "सासूबाईंच्या हातचं मीठही असंच असायचं." हे तिनं आईच्या हयातीत तक्रार म्हणून सांगितलेलं मला आठवतं, या वेळी तिनं आणखी दोन घेतल्या.

आता मी रोज दुपारी दोन वाजता बाबांना फोन करतो. मागे कूलरची आगगाडी चालू असते, त्यामुळे बाबांचं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि माझं निम्मं त्यांना. तेवढ्यात कोणी तरी आत आल्याचा, सांडू भुंकल्याचा, काकू काही तरी विचारत असल्याचा आवाज येतो. मग मला फार काही विचारायचं उरत नाही. परवा मात्र मी म्हणालो, "इथेही फार उकडतंय, बाबा."

"किती आहे?"

"अडतीस."

बाबा क्षणभर गप्प राहिले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "स्वेटर घालत जा."